महिनोन्महिने उभी असलेली गाडी, चावी फिरवली तरी अंधार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहून आलेले आईवडील, गावच्या घरी गाडी ठेवून मुंबईला परतलेले चाकरमानी, बदलीमुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी सोडून गेलेले लोक. सगळ्यांची तक्रार एकच असते: ठेवताना गाडी ठणठणीत होती, आता चावी फिरवली तर साधा दिवासुद्धा लागत नाही. २०२० च्या मार्चअखेरीस लॉकडाऊन लागला आणि उठला, तेव्हा हा अनुभव गल्लोगल्ली एकाच वेळी आला. त्या वेळी आणि त्यानंतर मला जे प्रश्न सतत विचारले गेले, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

रिमोट चालत नाही, दारच उघडत नाही. आत कसं शिरायचं?

ड्रायव्हरच्या दाराला जवळजवळ नेहमीच चावीचं भोक असतं. काही गाड्यांत ते हँडलजवळच्या प्लास्टिकच्या टोपीखाली लपवलेलं असतं. बटण स्टार्टवाल्या गाडीच्या रिमोटमध्ये छोटी पोलादी चावी दडवलेली असते, बाजूची खटकी दाबली की ती बाहेर येते. वर्षानुवर्षं न वापरलेलं कुलूप घट्ट झालेलं असतं, त्याच्याशी जबरदस्ती करू नका. थोडा डब्ल्यूडी फॉर्टी (गंज सैल करणारा स्प्रे) मारा, पाच मिनिटं थांबा आणि चावी हलक्या हाताने मागेपुढे करा.

बोनेट बहुतेक गाड्यांत तारेने उघडतं, त्याला वीज लागत नाही. डिकीचं कुलूप मात्र विजेवर चालणारं असू शकतं. त्यामुळे जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घ्यायची) डिकीत ठेवायची सवय असेल तर ती आजच बदला. केबल सीटखाली ठेवा.

एकही दिवा लागत नाही. म्हणजे बॅटरी मेली असंच धरायचं का?

बहुतेक वेळा तसंच असतं, पण नेहमी नाही. नवी बॅटरी घ्यायला धावण्याआधी गाडी नेमकं काय करते ते नीट बघा.

चावी ऑन केल्यावर मीटरमध्ये काहीच उजळलं नाही, हॉर्न नाही, छताचा दिवा नाही, तर दोन शक्यता आहेत. बॅटरी तळाला गेलेली आहे, किंवा बॅटरीतली वीज बाहेरच पडत नाही. दिवे लागतात पण सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारला की ‘टक् टक् टक्’ असा आवाज येतो, तर बॅटरीत थोडा जीव आहे, सेल्फ ओढण्याइतका नाही. दिवे लखलखीत आहेत आणि सेल्फ मारल्यावर एकच ‘टक्’ किंवा काहीच नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

यात एक सोपी परीक्षा उपयोगी पडते. हेडलाइट लावून भिंतीवरचा प्रकाश बघत सेल्फ मारायचा. प्रकाश मंद झाला तर बॅटरी अशक्त आहे. एकदम विझला आणि चावी सोडल्यावर परत आला, तर कुठलं तरी कनेक्शन सैल आहे किंवा गंजलेलं आहे. प्रकाश ढळलाच नाही, तर सेल्फपर्यंत करंट पोचत नाहीये.

गाडी बंद होती, चावी काढलेली होती, मग बॅटरी उतरली कशी?

गाडी बंद असली तरी पूर्ण झोपत नाही. घड्याळ, रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर, इमोबिलायझर (चावी ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा) आणि ईसीयूची, म्हणजे गाडीच्या संगणकाची, स्मृती या सगळ्यांना थोडा थोडा करंट लागतोच. चांगल्या अवस्थेतल्या गाडीत तो २० ते ५० मिलिअँपिअरच्या आसपास असतो. ३० धरा. दिवसाला झाला ०.७२ अँपिअर-तास. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे भरलेली असली तरी सात आठवड्यांत रिकामी. ती पूर्ण भरलेली सहसा नसते, शिवाय उन्हाळ्यात तापलेली बॅटरी नुसती ठेवली तरी स्वतःहून उतरते. त्यामुळे सेल्फ न घेण्याची वेळ महिन्याभरातही येऊ शकते.

डिकीचा ५ वॅटचा दिवा नीट न लागलेल्या झाकणामुळे चालू राहिला, तर साडेतीन दिवसांत खेळ आटोपतो. बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर, थेट बॅटरीवर जोडलेला डॅशकॅम, स्वस्तातला अलार्म ही मंडळीही रात्रंदिवस खात असतात.

मल्टीमीटर आहे. किती व्होल्ट म्हणजे काय समजायचं?

गाडी काही तास बंद असताना बॅटरीच्या दोन पोस्टवर, म्हणजे वरच्या शिशाच्या खुंट्यांवर, मीटर लावा. १२.६ किंवा जास्त असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव. ११.८ च्या खाली गेली की ती रिकामीच धरायची. सहा महिने उभ्या गाडीत ४ किंवा ५ व्होल्टसुद्धा दिसतात.

गाडी सुरू असताना हाच आकडा १३.८ ते १४.४ च्या आसपास हवा. तसा असेल तर डायनामो, म्हणजे अल्टरनेटर, चार्जिंग देतोय. अलीकडच्या काही गाड्यांत ईसीयू हा आकडा मुद्दाम कमीजास्त करतो, तेव्हा एकदा १३.२ दिसलं म्हणून घाबरू नका.

मीटर १२.५ दाखवतोय तरी गाडीत अंधार आहे. नवी बॅटरी टाकली तरी तेच. हे कसं काय?

या प्रश्नाचं उत्तर मी सविस्तर देणार आहे, कारण याच जागी लोकांचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. आमचेही गेले होते.

देवरुखजवळच्या आमच्या घरी छोटी पेट्रोल गाडी मे महिन्यात ठेवली आणि गणपतीला गेलो तेव्हा ती पूर्ण थंड होती. कोकणातला पूर्ण पावसाळा तिने पत्र्याच्या शेडमध्ये काढला होता. जुनी बॅटरी चार वर्षांची, तेव्हा तीच गेली असं धरून नवी आणली, बसवली, चावी फिरवली. अंधार. मीटर लावला तर १२.५. मी तासभर फ्यूज काढून बघत होतो, एकही उडालेला नव्हता.

शेवटी बाजारातल्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनना बोलावलं. त्यांच्या पिशवीत मीटर नव्हताच. हेडलाइटचा एक जुना बल्ब होता आणि त्याला दोन लांब वायरी डाग देऊन जोडलेल्या होत्या. एक वायर त्यांनी बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर धरली, दुसरी निगेटिव्ह पोस्टवर टेकवली. बल्ब भगभगीत पेटला. मग दुसरी वायर उचलून गिअरबॉक्सच्या घासलेल्या बोल्टवर टेकवली. काचेच्या आत तार नुसती निखाऱ्यासारखी तांबूस झाली. “काका, मीटर तर बरोबर दाखवतोय,” मी म्हटलं. ते म्हणाले, “मीटर काय खातो? बल्बला जेवायला लागतं.”

त्यांनी निगेटिव्हची काळी केबल हातात घेऊन वाकवली, तेव्हा बॅटरीच्या ट्रेखाली तिचं आवरण कुरकुरलं. ब्लेडने कापल्यावर आतून तांब्याच्या जागी मोरचुदाच्या रंगाची ओलसर पावडर निघाली आणि मध्ये गंजलेल्या चार-पाच तारा कशाबशा उरल्या होत्या. बाहेरून ती केबल अगदी नवीसारखी दिसत होती.

असं का होतं ते समजून घ्या. मल्टीमीटर जवळजवळ शून्य करंट घेतो, त्यामुळे एका तारेने जोडलेली केबलही त्याला निरोगी वाटते. ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर मागतो, सेल्फ तर शंभराहून जास्त. तेवढा करंट त्या गंजलेल्या तारांतून जात नाही, सगळे व्होल्ट तिथेच जिरतात. वीज पॉझिटिव्हकडून जाते तितकीच निगेटिव्हकडून परत यावी लागते. परतीची वाट तुटली तर बॅटरी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. मेकॅनिकच्या भाषेत याला ‘अर्थ गेली’ म्हणतात.

तेव्हा हा क्रम ठेवा. बल्ब आधी बॅटरीच्या दोन शिशाच्या पोस्टवर लावा. पेटला तर निगेटिव्ह बाजूची वायर पोस्टवरून काढून त्याच पोस्टला आवळलेल्या क्लॅम्पवर, मग बॉडीच्या रंग नसलेल्या पत्र्यावर, मग इंजिनवर टेकवत जा. ती बाजू ठीक निघाली तर एक वायर निगेटिव्ह पोस्टवर ठेवून दुसरी पॉझिटिव्हच्या क्लॅम्पवर, मेन फ्यूजच्या अलीकडे आणि पलीकडे लावा. ज्या जागी बल्ब मंदावेल किंवा विझेल, त्या जागेच्या लगेच आधी दोष आहे. पोस्ट आणि क्लॅम्प यांत दोन बोटांचं अंतर नसतं, पण ते वेगळे तपासायचे, कारण दोष अनेकदा त्या दोघांच्या मधल्या फटीतच असतो.

आमची केबल अडीचशे रुपयांत बदलली. जुनी बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली, आणि ती पुढे आणखी वर्षभर चालली.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली आहे. ती कशी काढायची?

आधी अंगठी, घड्याळ, हातातलं कडं काढून ठेवा. मग १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह क्लॅम्प सोडवा, त्यानंतर पॉझिटिव्ह. हा क्रम नियम म्हणून पाळा: काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते, पाना लाल होतो आणि हात भाजतो.

कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. फेस येतो, येऊ द्या, आम्ल मारलं जातंय. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं करून पोस्ट आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. क्लॅम्प हाताने फिरवून बघा, आवळल्यावर तो तसूभरही हलता कामा नये. वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या. व्हॅसलीन आवळून झाल्यावर लावायचं.

मेन फ्यूज कुठे असतो आणि तो का उडतो?

बोनेटखालच्या फ्यूजच्या डब्यात किंवा थेट पॉझिटिव्ह क्लॅम्पवरच. ६०, ८०, १०० अँपिअर असे आकडे त्यावर असतात आणि वर पारदर्शक खिडकी असते, आतली पट्टी तुटलेली दिसते. तो उगाच उडत नाही. बॅटरी उलटी जोडली गेली, जंप देताना केबलचे चिमटे एकमेकांना लागले किंवा उंदराने उघडी केलेली जाड वायर बॉडीला टेकली, अशा कारणांनी उडतो. कारण न शोधता नवा घातला तर तोही जाईल. त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळणं म्हणजे गाडीला आग लावायची सोय करणं आहे, घाईच्या वेळीसुद्धा तसं करू नका.

उंदरांनी वायर खाल्ली हे कसं ओळखायचं?

बोनेट उघडल्यावर आधी वास घ्या, मग टॉर्च मारा. लेंड्या, काथ्याचे किंवा गोणपाटाचे तुकडे, कुरतडलेला फोम दिसला तर पाहुणे राहून गेलेत. घरटं बहुधा बॅटरीच्या ट्रेमागे, इंजिनच्या वरच्या कव्हरखाली किंवा एअर फिल्टरच्या डब्यात असतं. बॅटरी जोडण्याआधी सगळा वायरिंगचा झुपका डोळ्यांखालून घाला. दोन उघड्या तारा एकमेकींना लागत असतील आणि तुम्ही बॅटरी जोडली, तर एका वायरचं काम पूर्ण हार्नेसवर, म्हणजे वायरिंगच्या सगळ्या जुडग्यावर, जातं. दुरुस्तीआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा.

डांबरगोळ्या, तंबाखूची पानं, फवारे असे उपाय लोक सांगतात. वास आठ-पंधरा दिवसांत उडतो, गाडी सहा महिने उभी राहणार असते. माझा भर जागेवर आहे: धान्याच्या कोठीशेजारी, लाकडांच्या ढिगाजवळ, कचऱ्याच्या डब्यापाशी गाडी ठेवू नका आणि बोनेटखाली खालून शिरायच्या मोकळ्या जागांना बारीक लोखंडी जाळी बसवून घ्या.

पुराचं पाणी शिरलेल्या गाडीलाही हेच लागू होतं का?

नाही. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं, त्यानंतर अनेकांनी ‘बघूया लागते का’ म्हणून चावी फिरवली. तसं करू नका. पाणी सीटपर्यंत आलं असेल तर निगेटिव्ह काढून ठेवा, सेल्फला हात लावू नका आणि गाडी ओढून वर्कशॉपला न्या.

जंप देताना केबल कोणत्या क्रमाने लावायच्या?

दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न टेकता उभ्या, दोन्ही १२ व्होल्टच्या. लाल केबलचं एक टोक मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. मग काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या रंग नसलेल्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटचं टोक जोडताना ठिणगी पडतेच आणि बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असू शकतो. तो पेटला तर बॅटरी फुटून आम्ल उडतं. म्हणूनच आसपास विडी-सिगारेट नको.

चांगली गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटं थांबा, मेलेल्या बॅटरीत थोडं तरी भरू द्या. मग सेल्फ मारा, एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. सुरू झाली की उलट्या क्रमाने केबल काढा. रस्त्यावर मिळणाऱ्या काही केबल बाहेरून अंगठ्याएवढ्या जाड असतात आणि आत तांबं पेन्सिलच्या शिशाएवढंच असतं. त्या तापतात, गाडी मात्र सुरू होत नाही. विकत घेताना चिमट्याजवळची तार बघून घ्या.

जंप देऊनही पूर्ण अंधारच असेल तर वर सांगितलेली बल्बची परीक्षा करा. एक सोपी खूण: काळी केबल इंजिनला लावल्यावर गाडी जिवंत झाली आणि काढल्यावर मेली, तर बॅटरीइतकाच संशय अर्थच्या केबलवरही घ्या.

घाईत उलटी जोडली गेली, मोठी ठिणगी पडली. आता?

लगेच काढा. मेन फ्यूज उडाला असेल, आणि तो उडाला असेल तर नशीब समजा, त्याने बाकीचं वाचवलं. फ्यूज बदलून गाडी सुरू झाली तरी चार्जिंगचे व्होल्ट मोजा, कारण उलट करंटाने अल्टरनेटरच्या आतले डायोड जळतात आणि मग बॅटरी काही दिवसांतच पुन्हा बसते.

धक्का देऊन सुरू होईल का?

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या व्हायच्या. आजच्या गाडीत पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, ईसीयू सगळ्यांना वीज लागते. दिवे मंद का होईना लागत असतील आणि गाडी मॅन्युअल गिअरची असेल, तर दुसऱ्या गिअरवर जमू शकतं. पूर्ण अंधार असेल तर सोसायटीतली पोरं दमतील, गाडी सुरू होणार नाही. ऑटोमॅटिकला धक्का देऊच नका.

जंपवर सुरू झाली. आता बॅटरी सुधारली ना?

नाही. पूर्ण रिकामी झालेली बॅटरी भरणं हे अल्टरनेटरचं काम नाही. तासभर फिरवून आलात तरी ती पूर्ण भरत नाही आणि अल्टरनेटरवर विनाकारण ताण येतो. बॅटरी काढून चार्जिंगला टाका. नियम असा की क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट, म्हणजे ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास. तालुक्याच्या गावी बॅटरीवाले रात्रभर लावून देतात. घरचा स्मार्ट चार्जर कधी कधी ‘बॅटरीच नाही’ असं दाखवतो, कारण ती इतकी खाली गेलेली असते की त्याला ती ओळखू येत नाही. बॅटरीवाल्याचा साधा चार्जर तिथे उपयोगी पडतो.

पाणी घालायच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही शक्यतो चार्जिंगनंतर खुणेपर्यंत. प्लेट उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच घाला. ॲसिड वरून कधीच घालायचं नाही.

चार्ज झाल्यावर पाच-सहा तास तशीच ठेवून व्होल्ट मोजा. १२.५ च्या वर टिकली तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या. भार टाकल्यावर पंधरा सेकंदांत ९.६ च्या खाली घसरली तर ती गेली. महिनोन्महिने रिकामी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर लेड सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि ते चार्जिंगने परत विरघळत नाहीत. वॉरंटी शिल्लक आहे का तेही बघा, कार्ड बहुधा गाडीच्या कागदांतच असतं. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानातच द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि किमतीत सूटही मिळते. आतलं शिसं विषारी असतं, ते उकिरड्यावर जाता कामा नये.

दिवे झगझगीत आहेत, पण सेल्फ घेत नाही.

मॅन्युअल गाडीत क्लच पूर्ण दाबा. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून गिअर ‘पी’वरून ‘एन’वर नेऊन बघा. मीटरमध्ये चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर चावी ओळखत नाहीये. बटण स्टार्टच्या रिमोटमधला बिल्ल्यासारखा सेलही इतक्या महिन्यांत संपलेला असू शकतो. रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून धरा आणि मग दाबा, बहुतेक गाड्या तशा सुरू होतात. यातलं काहीच नसेल तर सेल्फची मोटर किंवा तिचा सोलेनॉइड (तिला करंट जोडणारा स्विच), आणि तिथे मेकॅनिकच हवा.

ऑटोमॅटिक गाडी ‘पी’मध्ये अडकली आहे, पार्किंगमधून बाहेर कशी काढू?

बऱ्याच गाड्यांत गिअर लिव्हरजवळ छोटं झाकण असतं, त्याखालच्या भोकात स्क्रूड्रायव्हर दाबला की लिव्हर सुटतो. गाडीच्या पुस्तिकेत ‘शिफ्ट लॉक’ या नावाखाली चित्र सापडेल. आधी चाकांना दगड लावा. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक मात्र विजेशिवाय सुटत नाही, तिथे जंप देऊनच पुढे जावं लागतं.

माझी गाडी इलेक्ट्रिक आहे. मोठी बॅटरी ६० टक्के भरलेली होती, तरी गाडी उठत नाही.

इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि गाडीला जागं करायचं काम तीच करते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही जोडली जात नाही. छोट्या बॅटरीला पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे १२ व्होल्ट द्यायचे. नारिंगी रंगाच्या केबलना अजिबात हात लावायचा नाही. आणि इलेक्ट्रिक गाडीवरून शेजाऱ्याच्या गाडीला जंप देऊ नका, तिची १२ व्होल्टची यंत्रणा सेल्फ ओढण्यासाठी बनवलेलीच नसते.

बॅटरी जोडल्यावर काच आपोआप वर जात नाही, घड्याळ चुकीचं, रेडिओ कोड मागतो. काही बिघडलं का?

काही नाही, गाडी विसरली आहे. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेवा. इंजिन पहिले काही किलोमीटर किंचित अडखळेल, मग जुळवून घेईल.

नवी बॅटरी, चांगल्या केबल, तरीही चार दिवसांत पुन्हा उतरते.

काहीतरी गुपचूप करंट खातंय. मल्टीमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात लावा. निगेटिव्ह क्लॅम्प सोडवून मीटर पोस्ट आणि क्लॅम्पच्या मध्ये जोडा. दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरने आत ढकलून ठेवा म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. मग किमान अर्धा तास थांबा. सुरुवातीला दोन-तीन अँपिअर दिसतील, हळूहळू सगळे ईसीयू झोपतील. अर्ध्या तासानंतरही ५० मिलिअँपिअरच्या बरंच वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा धाडकन खाली येईल, त्या लाइनवर चोर आहे. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम किंवा ट्रॅकर असेल तर सुरुवात तिथूनच करा.

फास्टॅग बॅटरी खातो का?

नाही. त्यात बॅटरीही नसते आणि तो गाडीच्या विजेवरही चालत नाही. टोल नाक्यावरच्या रीडरच्या लहरींवरच तो उत्तर देतो.

शेजारी दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून ठेवतात. पुरेसं आहे ना?

त्यांचे आभार माना, पण ते पुरत नाही. आठवड्याभरात गाडीने पाचएक अँपिअर-तास खाल्लेले असतात आणि उभ्या इंजिनवर पाच मिनिटांत त्यातलं फारच थोडं परत जातं. शिवाय सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, इंजिन नीट तापत नाही. सुरू करायचीच तर अर्धा तास रस्त्यावर चालवायला सांगा, एसी बंद ठेवून. ते शक्य नसेल तर सुरू न केलेलीच बरी.

मग पुढच्या वेळी सहा महिन्यांसाठी ठेवून जाताना काय करू?

बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह केबल काढून ठेवा. पार्किंगमध्ये प्लग असेल तर मेंटेनर चार्जर (बॅटरी सतत भरलेली ठेवणारा) लावून ठेवणं सर्वांत उत्तम, नसेल तर केबल काढणं जवळजवळ तितकंच उपयोगी. मात्र आधी हे बघा की तुमच्याकडे साधी चावी आहे आणि ती दाराला लागते. केबल काढल्यावर अलार्म, सेंट्रल लॉक काहीच चालत नाही, गाडी चावीनेच बंद करायची आहे. डिकी विजेची असेल तर ती आधी बंद करा. सोडवलेला क्लॅम्प कापडात गुंडाळून बाजूला बांधा, तो परत पोस्टला टेकायला नको.

हँडब्रेक ओढू नका. दमट हवेत तो चिकटतो आणि मग बॅटरी चांगली असूनही गाडी जागची हलत नाही. पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. चारही टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरा.

समुद्राजवळ ठेवणार असाल तर निगेटिव्ह केबल ट्रेखालून पूर्ण वाकवून बघा. कुरकुरली तर जायच्या आधीच बदलून घ्या. आणि १० नंबरचा पाना गाडीत न ठेवता घराच्या किल्लीसोबत ठेवा.